सुमनचा एसीवाला

सुमन आणि मी दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे पावाच्या कडा. ती कापत होती, मी खात होतो. गुरुवारची संध्याकाळ, शारजातलं आमचं घर, समोर टीव्हीवर तिची ती इंग्लिश बाई. दुसऱ्या दिवशी शुक्रवार, सुट्टीचा, आणि मराठी मंडळाच्या बायका आमच्याकडे चहाला यायच्या होत्या. त्यांच्यासाठी काकडीची सँडविचं. सँडविचाला कडा ठेवत नाहीत हे त्या इंग्लिश बाईनं सुमनला शिकवलेलं. कडा टाकायच्या कुठं, हे काही शिकवलेलं नव्हतं. म्हणून मी खात होतो.

मधेच सुरी थांबवून सुमन म्हणाली, "उद्या सांगून टाकते बायकांना. दिगू माझा भाऊ आहे म्हणून."

मी म्हटलं, "घंटा सांगशील."

"सांगेन. बघाच तुम्ही."

"पाच वर्षं बघतोय."

तिनं पाव ओल्या फडक्यात गुंडाळला, दूध उतू जाईल म्हणून उठली आणि ओट्यापाशी पडली. हॉस्पिटलात नेली, तिथून परत आली नाही. डॉक्टरनं डोक्यातली नस सांगितली.

मेलेल्या माणसाबद्दल लोक गोड लिहितात. मला ते जमत नाही. मी सातवी नापास, रास अल खोरला ट्रकच्या गॅरेजात डेंटिंगचं काम केलं जन्मभर. पोचा पडलेला पत्रा जसा आहे तसा दाखवावा, वरून रंग मारून गिऱ्हाइकाला फसवू नये, एवढंच मला कळतं. माझी बायको ढोंगी होती. हे मी तिच्या मागे म्हणत नाही, तोंडावर म्हणायचो. त्यावर ती म्हणायची, "पायरी चढायची तर खाली बघू नये." आणि चढायची. कुठं जायचं होतं तिला, देव जाणे. आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहत होतो.

देवगडकडची ती. आई आठवड्याच्या बाजारात सुकी मासळी विकायची. बाप लवकर गेला. पाठचा भाऊ दिगू, त्याला कडेवर घेऊन ही टोपलीशी बसायची. गावात कोणाला हे लपवायची गरज नव्हती, सगळ्यांनाच वास यायचा. मी तिला शारजाला आणली, व्हिसा झाला, मुलगी स्वाती इथल्या शाळेत जायला लागली, आणि सुमनला एकाएकी कळलं की इथं आपल्याला ओळखणारं कोणी नाही. झालं! तिनं नवीन सुमन बनवायला घेतली. बायकांना सांगितलं, माझे वडील मत्स्यव्यवसायात होते. मी डेंटर, तर मला वर्कशॉप मॅनेजर केला. एक पैसा पगार न वाढता.

आणि मग ती मालिका लागली. इंग्लिश चॅनेलवर, सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी. गोष्ट एवढीच की एक गोरी बाई, मूळची कोळसे वाहणाऱ्याची पोर, नवऱ्यानं मोठ्या लोकांच्या गल्लीत घर घेतलंय, आणि ही दिवसभर मोठेपणाच्या मागे. दारातली दुधाची बाटली उचलायला जाताना डोक्यावर हॅट. नवरा गवत कापतो तर त्याला टाय लावायला लावते. तिनं काहीही केलं की टीव्हीतली माणसं खदाखदा हसतात.

आता सुमनला इंग्लिश किती? दुकानापुरतं. बाई काय बोलते ते निम्मं कळायचं नाही, पण करते काय ते दिसायचं. ती हसणारी माणसं कोण, असं मी एकदा विचारलं. सुमन म्हणाली, "पाहुणे असतील हो. तिचं सगळं छान असतं म्हणून खूश होतात. विलायतेत मोकळेपणानं हसतात, आपल्यासारखं तोंड वाकडं करत नाहीत." मलाही ते पटलं. मला काय कळणार! आम्ही दोघं वर्षानुवर्षं ती मालिका शाळेच्या तासासारखी बघितली. स्वाती आतल्या खोलीत अभ्यासाला, ती कधी बाहेर आलीच नाही.

बाईचं बघून सुमननं चहाची किटली घेतली, लोकरीच्या टोपड्यावाली. मी बशीत ओतून फुर्र करून पितो, तर माझी बशीच काढून घेतली. "घरात काय खातो ते कोणी बघत नाही, कशात खातो ते बघतात," हे तिचं ठरलेलं वाक्य. मी म्हणायचो, मग कालवण फुलदाणीत घाल. मासळी घ्यायची ती बंदरावरच्या बाजारातूनच, घासाघीस करून, मासेवाल्या मल्याळ्याला रडवून. पण पर्समध्ये त्या गोऱ्यांच्या सुपरमार्केटची जाड पिशवी घडी करून ठेवलेली. बिल्डिंगच्या जिन्याखाली उभी राहून बांगडे ह्या पिशवीतून त्या पिशवीत. लिफ्टमध्ये कोणी भेटलं की पिशवीचं नाव बाहेरच्या बाजूला. बांगड्याला काय कळतंय, तो वास मारायचाच.

राग आला की मात्र सगळी विलायत उतरायची. "तुमका काय कळता? गप ऱ्हवा!" ती खरी सुमन. मी तिला मुद्दाम चिडवायचो, तेवढ्यासाठी.

मंडळात एक सरपोतदार मॅडम होती. नवरा बँकेत मोठा, जुमेराला व्हिला, ड्रायव्हर, कामाला फिलिपिनो बाई. गणपतीत पहिली आरती तिची. लेबर कॅम्पात राहणारी आपली पोरं बिचारी साइटवरून थेट यायची, मांडव बांधायची, खुर्च्या लावायची, आणि जेवायला शेवटच्या पंगतीला. कोणी तसं सांगितलेलं नव्हतं. सरपोतदारीण फक्त म्हणायची, "त्यांना काय घाई असते, त्यांना सुट्टीच आहे." गोड बोलायची. असली माणसं नेहमी गोड बोलतात, कडू बोलायला त्यांनी नोकर ठेवलेले असतात. माझ्या सुमनला हिच्यासारखं व्हायचं होतं. अख्ख्या अमिरातीत तिला हीच सापडली.

दिगूला मीच इकडे आणला. हमरिया फ्री झोनला एका फॅब्रिकेशनच्या कंपनीत वेल्डर. राहायला तिथलाच लेबर कॅम्प, एका खोलीत आठ जण, वरखाली खाटा. दर शुक्रवारी कोणाच्या तरी पिकअपमधून आमच्याकडे यायचा, बांगड्याचं तिखलं आणि भात खायचा आणि सोफ्यावर आडवा व्हायचा. सुमन त्याच्या डोक्यात तेल घालायची. तीस वर्षांचा घोडा, बहिणीकडून तेल घालून घ्यायचा. त्या वेळी ती पायरीबियरी काही बोलायची नाही.

मग तो शुक्रवार आला. सुमनकडे पहिल्यांदा सरपोतदारीण चहाला येणार होती. दोन आठवडे आधीपासून घरात लगबग. मला आतल्या खोलीत बसायला सांगितलं, कारण मी 'फार मोठ्यानं बोलतो'. दिगूला फोन करून सांग, ह्या शुक्रवारी येऊ नको, असं म्हणाली. मी म्हटलं, तुझा भाऊ, तू सांग. तिला सांगवेना. तिला वाटलं, ओव्हरटाइम असेल, नाहीच येणार.

तो आला. ओव्हरटाइम करूनच, थेट. निळा कव्हरॉल, बाहीला जळल्याची भोकं, हातात गावाहून आलेल्या कोणाकडून घेतलेला कोकमाच्या सोलांचा डबा. बेल वाजली तेव्हा बायकांच्या हातात कप होते. सुमननं दार उघडलं. मी आतल्या दाराच्या फटीतून बघत होतो.

सरपोतदारीण म्हणाली, "कोण गं, सुमन?"

आणि माझी बायको म्हणाली, "एसीवाला. कधीचा बोलावलाय, आज उगवलाय."

दिगूनं तिच्याकडे बघितलं. मग आत बघितलं, साड्या, कप, टोपड्यावाली किटली. पोरगा हुशार. सोलांचा डबा पाठीमागे घेतला आणि सख्ख्या बहिणीला म्हणाला, "हां मॅडम. कौनसा रूम?"

बेडरूमचा एसी खिडकीतला होता. दिगू आत आला, खाटेवर माझ्या शेजारी बसला. मी उठून बाहेर जाऊन आई-बहिणीवरून सुरू करणार होतो. त्यानं माझा हात धरला. "भावजी, ऱ्हवू दे. तिची इज्जत जायत." मग खिशातून पाना काढला आणि एसीच्या जाळीवर टकटक करायला लागला. मी म्हटलं, "जोरात ठोक, लेका, नाहीतर बायका म्हणतील फुकटचे पैसे घेतले." तो हसला. मीही हसलो. पोटात भूक त्याच्या, तिखलं स्वयंपाकघरात, आणि स्वयंपाकघर हॉलच्या पलीकडे. तो एसी ठोकत बसला.

जाताना दिगू म्हणाला, "फिल्टर साफ कर दिया, मॅडम." सरपोतदारीण म्हणाली, "अगं, हा शांत दिसतोय. आमच्याकडे पाठव ना, वरच्या खोलीतला फार आवाज करतो."

बायका गेल्यावर सुमननं खाली पळत जाऊन बघितलं. पिकअप निघून गेली होती. वर आली आणि कप धुवायला लागली. मी म्हटलं, "चढलीस ना पायरी? आता खाली बघ." तिनं किटली आपटली. फुटली नाही, लोकरीचं टोपडं होतं.

इथंच संपलं असतं तर ठीक. पण सरपोतदारीण फोनवर फोन करायला लागली, एसीवाला पाठव. सुमन म्हणे, सांगते तिला, तो गावी गेला म्हणून. दिगू म्हणाला, नको, एक थाप लपवायला दुसरी कशाला, जातो मी. कॅम्पात एक खरा एसीवाला होता, त्याच्याकडून जाळी कशी काढायची, पाणी कुठून गळतं, हे शिकून घेतलं आणि जुमेराला जाऊन आला. काम बरं केलं. म्हणून पुढच्या वेळी परत बोलावणं. नेमकं भिशीच्या दिवशी.

हॉलमध्ये बायका, त्यांच्यात सुमन, नव्या साडीत. पॅसेजमध्ये शिडीवर दिगू. घामानं निथळलेला, त्यानं कामवालीकडे पाणी मागितलं. ती काचेचा ग्लास भरून घेऊन निघाली. सरपोतदारीण बसल्या जागेवरून म्हणाली, "नो नो, गिव्ह हिम द प्लॅस्टिक वन. द ग्लास वन्स आर अवर्स." आणि परत बायकांकडे वळून, "हं, काय म्हणत होते मी?"

दिगू प्लॅस्टिकच्या ग्लासानं पाणी प्याला. सुमनच्या हातात काचेचा ग्लास होता. ती म्हणाली, मी तो खाली ठेवला. मी विचारलं, आणि? म्हणाली, आणि काही नाही. हे तिनं मला त्याच संध्याकाळी सांगितलं, जेवली नाही, भिंतीकडे तोंड करून झोपली. मी तिला समजावलं नाही. समजावण्यासारखं काय होतं त्यात?

त्यानंतर सुट्टीला स्वाती कॉलेजातून घरी आली होती. आम्ही मालिका बघत बसलो होतो, ती पहिल्यांदाच आमच्यासोबत बसली. त्या दिवशी गोष्ट अशी की इंग्लिश बाई बस स्टॉपवर दोन मोठ्या घरच्या बायकांबरोबर उभी आहे, आणि समोरून तिचा म्हातारा बाप येतो, तोंड काळं, खांद्यावर पोतं. तो हात हलवतो. बाई नाक वर करून आभाळात बघायला लागते. टीव्हीतली माणसं हसून हसून मेली.

सुमन म्हणाली, "ह्यात खूश होण्यासारखं काय आहे?"

स्वाती म्हणाली, "खूश? मम्मी, दे आर लाफिंग ॲट हर. शी इज द जोक."

"म्हणजे?"

"म्हणजे सगळे तिला हसतात. ती फेक आहे ना. तिला वाटतं कोणाला कळत नाही, बट एव्हरीवन नोज."

"पहिल्यापासून?"

"पहिल्यापासून. दॅट्स द होल शो, मम्मी. तुला माहीत नव्हतं?"

सुमन टीव्हीकडे बघत राहिली. मग तिनं हळूच विचारलं, "त्या दोघी बायकांना पण ठाऊक असतं? कोळसेवाल्याचं?" स्वाती म्हणाली, "ऑफ कोर्स." तेव्हापासून सुमन ती मालिका बघायची ती नात्यातल्या कोणाचं आजारपण बघावं तशी. सोडली मात्र नाही. किटलीही सोडली नाही, काकडीही नाही. सवय झाली होती.

भाऊबीज आली. दिगू आला, अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून. पाटावर बसला. सुमन निरांजनाचं तबक घेऊन पुढं आली तसा तो वर बघून म्हणाला, "मॅडम, कौनसा रूम?"

तो हसत म्हणाला. पण म्हणाला. सुमननं तबक पाटाशी ठेवलं. ती तिथंच त्याच्यापुढं बसली. "दिगू, मार माका एक. मार."

"ताई, आरती कर गे. भूक लागली हा."

"सांगतंय मी तेंका. सगळ्यांका सांगतंय. बघ तू."

"सांग. घाई नाय."

तेव्हापासून हे सुरू झालं, सांगते, सांगते. पुढच्या भिशीला. गणपतीला. सरपोतदारणीच्या मुलाच्या लग्नानंतर, आता कशाला त्यांच्या आनंदात. दर वेळी तोंडाशी यायचं आणि ती चहा ओतायला लागायची. दिगू येत राहिला. बायका असल्या की एसीवाला, नसल्या की भाऊ. एसी मात्र आमचा अख्ख्या बिल्डिंगमध्ये थंडगार. मी म्हणायचो, अगं, तुला भीती कसली आहे? त्या काय तुला खाणार आहेत? त्यावर ती एकदा म्हणाली, "मासेवालीची पोर म्हटलेलं चालेल हो. पण भावाला दारात असं म्हणाली, हे कळेल ना." मला वाटलं होतं ती सरपोतदारणीला भिते. ती स्वतःच्या त्या एका वाक्याला भीत होती.

म्हणून त्या गुरुवारी ती म्हणाली, उद्या सांगते, तेव्हा मी म्हटलं, घंटा. ती खरंच सांगणार होती का? मला माहीत नाही. जे माहीत नाही ते मी लिहीत नाही. कडा कापताना सुरी सरळ चालत होती, एवढं बघितलं.

चहाला येणाऱ्या बायका दुसऱ्या दिवशी सकाळीच आल्या. सगळ्या पांढऱ्यात. सरपोतदारीण मोत्याची माळ घालून, पांढऱ्यावर शोभेल अशी. हॉलमध्ये सतरंज्या घातल्या होत्या. स्वाती आईच्या खोलीच्या दाराशी बसलेली. बॉडी हॉस्पिटलातच होती, कागद व्हायचे होते. बायका एकमेकींना सांगत होत्या, किती टापटीप होती, किती हौशी. एक म्हणाली, तिच्या हातची ती सँडविचं. फडक्यातला पाव अजून ओट्यावर होता.

दिगू आला तो कव्हरॉलमध्येच. रात्रपाळीवर होता, निरोप तिथं गेला, कपडे बदलायला कॅम्पावर गेलाच नाही. आत येऊन कोणाकडे बघितलं नाही. दाराशी चपलांचा ढीग होता, त्याच्या शेजारी भिंतीला टेकून खाली बसला, गुडघ्यात डोकं घालून. त्याला कोणी सरकून जागा दिली नाही. कशाला देतील?

जूनचा उकाडा, एवढी माणसं. सरपोतदारणीनं रुमालानं वारा घेतला आणि दाराकडे बघून हळू आवाजात, दुःखाच्या घरात बोलतात तशा आवाजात म्हणाली, "भय्या, एसी थोडा कम है. देखो ना जरा."

दिगू उठला.

उठला हो! डोळे पुसले आणि स्टूल कुठं आहे ते बघायला लागला.

मी माझ्या जागेवरून उठलो. दिगूला दंडाला धरून माणसांच्या मधून आत आणला, बायकांना सरकायला लावलं आणि स्वातीच्या शेजारी सतरंजीवर बसवला. म्हटलं, "हा सुमनचा भाऊ. सख्खा, पाठचा. तिनं कडेवर वाढवलाय. आज ती तुम्हाला सांगणार होती."

सरपोतदारीण म्हणाली, "अहो, मला कल्पनाच..." आणि थांबली. तिला कल्पना होती की नव्हती, तिचं तिला माहीत. स्वातीनं मामाच्या हातात हात घातला, आणि दिगू पहिल्यांदा मोठ्यानं रडला.

मी भिंतीशी गेलो आणि एसी बंद केला.